जुन्या नक्षीच्या कपबश्या आणि भांडी जमवताना या चुका टाळा

पुण्याच्या जुन्या बाजारातून काही वर्षांपूर्वी मी चिनी मातीचे एक छोटे दुधाचे भांडे आणले होते. पांढऱ्या अंगावर गुलाबी फुलांची वेल होती, काठाला सोनेरी रेघ होती आणि टवका शोधूनही सापडत नव्हता. बाजारातली धूळ जावी म्हणून घरी येताच ते साबणाच्या कढत पाण्यात बुडवून ठेवले आणि अर्ध्या तासाने उचलायला गेलो, तर कान हातात आला आणि भांडे पाण्यातच राहिले. कानाच्या दोन्ही टोकांना पिवळट, डिंकासारखा थर होता आणि सांधा झाकण्यासाठी त्यावर रंगवलेली दोन पाने साबणात विरघळून गेली होती. विक्रेत्याने फसवले हे खरेच. परंतु सांध्यावरून नख न फिरवता ते घेणे आणि हातात नेमके काय आले आहे हे न पाहता ते धुणे, या दोन्ही चुका माझ्या होत्या.

जुनी भांडी जमवणाऱ्यांचे नुकसान बहुधा याच दोन ठिकाणी होते. घेताना आपण वस्तूपेक्षा तिच्या बुडावरच्या शिक्क्यावर अधिक विश्वास ठेवतो आणि घरी आणल्यावर ती चकचकीत करण्याची घाई करतो. माझ्या अनुभवात हातातून पडून गेलेल्या बश्यांपेक्षा मोरीत घासून गेलेल्या बश्यांची संख्या मोठी आहे.

शिक्का हा जन्मदाखला नव्हे

बशी उलटी केली की बुडाशी कारखान्याचे नाव आणि कधी कधी एखादे वर्ष दिसते, आणि ते वर्ष पाहून नवख्या माणसाचे भान हरपते. ते वर्ष बहुतेक वेळा कारखाना स्थापन झाल्याचे असते. व्हिलेरॉय अँड बॉख या कंपनीच्या अगदी अलीकडच्या मालावरही १७४८ हा आकडा छापलेला असतो. त्यावरून ती बशी पेशवाईतली ठरत नाही. इंग्लंडमधील मालावर 'आर डी नंबर' असा क्रमांक आढळतो. ही पद्धत १८८४ मध्ये सुरू झाली आणि त्या क्रमांकावरून नक्षीची किंवा आकाराची नोंदणी केव्हा झाली एवढेच समजते, कारण नोंदलेली नक्षी पुढे कित्येक वर्षे छापली जात असे.

अधिक उपयोगी पडते ते देशाचे नाव. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तेथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे पुढच्या वर्षापासून बंधनकारक झाले. म्हणून बुडावर नुसते 'इंग्लंड' असेल तर वस्तू साधारणपणे १८९१ नंतरची आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातली समजावी. 'चेकोस्लोव्हाकिया' असे नाव असलेली वस्तू १९१८ च्या आधीची असूच शकत नाही, कारण तोवर तो देशच नव्हता. 'ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या निर्यात मालाचा आहे, मात्र जमवणाऱ्यांना तो आवडतो हे ठाऊक असल्यामुळे तो खोटाही उठवला जातो. डिशवॉशर किंवा मायक्रोवेव्ह यांचा उल्लेख शिक्क्यात असेल, तर विक्रेत्याच्या पणजीची गोष्ट ऐकून घेण्याची गरज नाही.

नक्षीवरून काळ ठरवणे ही त्याच जातीची चूक आहे. निळ्या-पांढऱ्या 'विलो' नक्षीची ताटली अनेकांनी पाहिली असेल. पूल, त्यावरची तीन माणसे, वाकलेले झाड आणि आकाशात दोन पाखरे. ती चिनी आहे असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात चिनी धर्तीवरची ही नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झाली आणि तिच्यामागची प्रेमकथाही तिकडेच रचली गेली. नंतर शेकडो कारखान्यांनी, जपानमधल्या सुद्धा, ती छापली आणि अजूनही छापतात. त्यामुळे विलो नक्षी आहे एवढ्यावरून वयाचा काहीच पत्ता लागत नाही.

अशी ताटली हातात आली तर भिंग घेऊन काठावरची वेल पूर्ण वर्तुळभर तपासावी. कुठेतरी एक फूल अर्धे कापलेले आणि लगेच त्याला चिकटून दुसरे सुरू झालेले दिसेल. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर रंग उतरवून तो कागद एकदा भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या बशीवर चिकटवत असत आणि काठाची पट्टी वर्तुळात बसवताना टोके जुळत नसत. तो सांधा ही त्या जुन्या पद्धतीची खूण आहे. तो दोष समजून बशी परत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यातल्या दोन बश्या माझ्या कपाटात आहेत.

कान, डोळा आणि नख

बशी तीन बोटांच्या टोकांवर मोकळी तोलून धरावी आणि नखाने काठावर हलकेच टिचकी मारावी. पोर्सेलिन किंवा बोन चायना असेल तर घंटेसारखा लांबत जाणारा आवाज येतो. भाजलेल्या मातीच्या जाड बशीचा आवाज मुळातच आखूड असतो, त्यामुळे तिच्याकडून घंटानादाची अपेक्षा धरू नये. मात्र आवाज फुटका आला तर केसाएवढी चीर आहे असे समजून उजेडाकडे धरून पाहावे. चिरेत चहाचा तपकिरी रंग मुरलेला असतो, पण धूर्त विक्रेता तो आधीच काढून ठेवतो. म्हणून डोळ्याच्या साक्षीपेक्षा कानाची साक्ष मी जास्त मानतो. डागडुजी ओळखण्यासाठी अतिनील किरणांची छोटी विजेरी उपयोगी पडते, कारण गोंद आणि वरून दिलेला रंग बहुधा झिलईपेक्षा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरापेक्षा, वेगळा चमकतो. ती नसेल तर नख आहेच: झिलई गार आणि घट्ट लागते, रंगवलेला भाग किंचित उबदार आणि मऊ.

बोन चायनाबद्दल एक गोष्ट शाकाहारी घरांत आधीच सांगितलेली बरी. त्या मातीत जवळजवळ निम्म्या प्रमाणात जनावरांच्या हाडांची राख असते आणि हे कळल्यावर हौसेने आणलेला पूर्ण संच माळ्यावर गेल्याची उदाहरणे आहेत.

संच घेताना कप आणि बशी यांची पत्रिका स्वतंत्रपणे पाहावी. कप आधी फुटतात आणि बश्या मागे उरतात, म्हणून बाजारात अनाथ बश्या पुष्कळ असतात आणि त्यांची लग्ने कोणत्याही कपाशी लावून दिलेली असतात. नक्षी सारखी दिसली तरी कप बशीच्या खळग्यात नीट बसतो की डगमगतो, दोन्हींच्या पांढऱ्या रंगाची छटा एक आहे का आणि बुडावरचे शिक्के एकाच काळातले आहेत का, हे पाहिल्याशिवाय संचाची किंमत देऊ नये.

मोरीतल्या चुका

नक्षी झिलईखाली आहे की झिलईवर, हे कळेपर्यंत बशीला घासणी लावू नये. बशी तिरकी धरून तिच्यावर खिडकीचा उजेड पडू द्यावा. चकाकी फुलावरून अखंड वाहत गेली तर रंग खाली आहे. फुलापाशी ती तुटली, फूल मंद दिसले किंवा बोटाला उंचवटा लागला तर रंग वर आहे. वरचे रंग सुमारे ७०० ते ८५० अंश सेल्सिअसवर, म्हणजे झिलईपेक्षा पुष्कळ कमी आचेवर भाजलेले असल्यामुळे नाजूक असतात आणि सोनेरी रेघ तर नेहमी वरच असते. अशा बशीला राख, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी, चिंच किंवा लिंबू यांपैकी काहीही चालत नाही. तांब्याच्या घागरीला जे उजळवते तेच बशीवरचे सोने खाते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके एवढ्यावर भागवावे, सिंकमध्ये खाली जाड टॉवेल अंथरावा आणि एका वेळी एकच वस्तू धुवावी. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो हे खरे, पण वरच्या रंगांवर तो प्रयोग करू नये.

झिलईला बारीक भेगांचे जाळे पडलेले असेल तर प्रकरण निराळे आहे. झिलई आणि आतली माती सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, शिवाय सच्छिद्र माती वर्षानुवर्षे ओल शोषून किंचित फुगते, आणि ताण सहन न झाल्यामुळे झिलई तडकते. त्या भेगांतून चहा आणि तेल आत मुरते व तपकिरी डाग पडतात. ते काढण्यासाठी कपडे पांढरे करायचे क्लोरीनचे ब्लीच वापरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. डाग पहिल्या दिवशी जातो. परंतु भेगांतून आत गेलेले क्षार वाळताना स्फटिक बनून झिलईला आतून रेटतात आणि काही महिन्यांनी तिचे पापुद्रे सुटू लागतात. त्याऐवजी बशी आधी रात्रभर साध्या पाण्यात ठेवावी आणि मग औषधाच्या दुकानात '२० व्हॉल्यूम' म्हणून मिळणाऱ्या, म्हणजे सुमारे ६ टक्के तीव्रतेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवून वर प्लॅस्टिक गुंडाळावे. हातमोजे घालावेत, कापूस रोज बदलावा आणि शेवटी पाणी बदलत दोन-तीन दिवस बशी भिजू द्यावी. सोनेरी काठ, वरचे रंग किंवा जुनी डागडुजी असेल तर हा उपाय करू नये, आणि लवकर वाळावी म्हणून ती ओव्हनमध्ये तर मुळीच ठेवू नये.

लोणचे वाढण्याआधी

जुन्या झिलईत आणि विशेषतः वरच्या लाल, पिवळ्या, नारिंगी रंगांत शिसे आणि कॅडमियम असण्याची शक्यता धरूनच चालावे. अमेरिकेत १९३६ मध्ये निघालेल्या फिएस्टा भांड्यांच्या प्रसिद्ध लाल झिलईत तर युरेनियम ऑक्साइड होते आणि युद्धकाळात सरकारने युरेनियम ताब्यात घेतल्यामुळे तो रंग बंद करावा लागला. आपल्या जेवणात कोकम, चिंच, लिंबू, ताक आणि लोणचे रोजचे आहे, आणि आंबट पदार्थ शिसे बाहेर खेचतात. कोरडी बिस्किटे मांडणे वेगळे आणि सोलकढी ओतून ठेवणे वेगळे. भेगांचे जाळे पडलेली किंवा नक्षी झिजलेली बशी खाण्यासाठी वापरू नये, लहान मुलांना तर नाहीच; तिला भिंत किंवा कपाट पुरेसे आहे. निळ्या काठाच्या पांढऱ्या एनॅमलच्या ताटल्या आणि मगही याच हिशेबात धरावेत. एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारे ८०० अंशांवर वितळवून बसवलेली काच. टवका उडाला की खालचा पत्रा गंजतो आणि काचेचे कण सुटत राहतात.

नाव घातलेली भांडी

पितळेच्या बाबतीत आपल्याकडे एक खास चूक होते. स्टीलची भांडी घरोघर आली तेव्हा पितळेची भांडी मोडीत घालून त्यांच्या बदल्यात स्टील घेतले गेले. जी वाचली ती आता पुन्हा शोधली जात आहेत. परंतु आणलेला डबा किंवा तांब्या सरळ पॉलिशवाल्याकडे जातो, यंत्राच्या चाकावर चढतो आणि सोन्यासारखा होऊन परत येतो, तेव्हा त्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी घातलेले नाव पुसले गेलेले असते. माझ्याकडच्या एका डब्यावर 'चि. सौ.' नंतरचे नाव कोणीतरी असेच घासून घालवले आहे; त्यापुढचे 'मामांकडून' आणि '५८' एवढे मात्र बोटाला अजून लागते. तो डबा कोणत्या साली, कोणत्या नात्याने कोणाच्या घरी गेला, याचा याहून चांगला पुरावा कोठून आणणार? नाव असलेली बाजू हाताने, चिंच लावून मऊ फडक्यानेच पुसावी.

वापरायचे पितळ कल्हईवाचून वापरू नये, नाहीतर ताक, आमटी कळकते. कल्हई शुद्ध कथलाचीच करून घ्यावी, कारण शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते, आणि कल्हई केलेले पातेले रिकामे आचेवर ठेवू नये; कथील २३२ अंशांना वितळते. तांब्याच्या भांड्यावरचे मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, जुने म्हणून घेत असाल, तर ठोके बोटाने चाचपावेत. पुण्याच्या तांबट आळीतल्या हाताच्या ठोक्यांत थोडा चढउतार असतो, यंत्राने उठवलेले ठसे एका मापाचे असतात.

ठेवताना आणि नेताना

बश्यांच्या चळतीत वरच्या बशीचे बिनझिलईचे कडे खालच्या बशीची नक्षी ओरबाडते, म्हणून प्रत्येक दोन बश्यांत सुती कापड घालावे. वर्तमानपत्र नको, कारण दमट पावसाळ्यात त्याची शाई सच्छिद्र मातीत उतरते. कप कानाला धरून खुंटीला टांगू नयेत. परदेशी राहणाऱ्या ज्यांना आजीची भांडी बरोबर न्यायची असतील, त्यांनी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आठवण ठेवावी: शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल पण दिसत असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधीच घ्यावा, विमानतळावर वाद घालत बसू नये. आणि सामानात बश्या आडव्या न रचता, प्रत्येक स्वतंत्र गुंडाळून, काठावर उभ्या ठेवाव्यात. धक्का बसला तर आडव्या चळतीतली तळची बशी सगळ्यांचे ओझे झेलते.