अक्षरांत आकडा कसा लिहावा? कटपयादी पद्धत शिका

शाळेत रोमन अंक शिकताना आपण सात अक्षरांच्या किमती पाठ करतो आणि बेरीज-वजाबाकी करत आकडा वाचतो. त्या अक्षरांतून वाचण्याजोगा शब्द सहसा तयार होत नाही, आणि शून्यासाठी त्यांत अक्षरच नाही. दक्षिण भारतात, विशेषतः केरळात, अक्षरांनी आकडे लिहिण्याची एक अगदी वेगळी रीत रुजली. तिचं नाव कटपयादी. या रीतीने लिहिलेला आकडा दिसायला एखादं नाव असतो, वाक्य असतो किंवा श्लोकाचा चरण असतो. सातव्या शतकातल्या हरिदत्ताच्या ज्योतिषग्रंथात ती सापडते, आणि कर्नाटक संगीतात ७२ मेळांचे, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसंचांचे, क्रमांक आजही तिच्यातूनच ओळखले जातात.

मराठी वाचकाला ही पद्धत शिकणं मुळीच अवघड नाही. तिचा सगळा डोलारा वर्णमालेच्या क्रमावर उभा आहे, आणि तो क्रम आपण पहिलीतच घोकलेला असतो. कागद-पेन घेऊन बसा, एका बैठकीत हात बसेल.

पायरी १: अक्षरांना अंक द्या

वर्णमालेत चार ठिकाणी मोजणी नव्याने सुरू होते: क, ट, प आणि य. पद्धतीचं नावही त्यावरूनच आलं. क पासून ञ पर्यंत दहा अक्षरं, त्यांना १ ते ९ आणि शेवटी ०. ट पासून न पर्यंत पुन्हा तसंच. प पासून म पर्यंत १ ते ५. य पासून ह पर्यंत १ ते ८. मांडून पाहिलं की असा तक्ता होतो:

१ : क, ट, प, य
२ : ख, ठ, फ, र
३ : ग, ड, ब, ल
४ : घ, ढ, भ, व
५ : ङ, ण, म, श
६ : च, त, ष
७ : छ, थ, स
८ : ज, द, ह
९ : झ, ध
० : ञ, न आणि सुटे स्वर (अ, आ, इ, ई…)

आपल्या ळ चं काय? केरळच्या परंपरेत त्याला ९ मानतात. मराठीत तर हा ळ फारच कामाला येतो, कारण ९ साठी एरवी झ आणि ध ही दोनच अक्षरं हाताशी असतात.

हा तक्ता घोकत बसू नका. 'द' ची किंमत हवी असेल तर ट, ठ, ड, ढ, ण, त, थ, द असं बोटांवर मोजा. आठवं बोट आलं, म्हणजे ८. पाच-पंचवीस शब्द असे सोडवले की मोजायची गरजच उरत नाही.

पायरी २: काय सोडून द्यायचं ते ठरवा

व्यंजनाला लागलेला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग यांना काहीही किंमत नाही. क, का, कि, कू, के, कं हे सगळे १. 'कृ' सुद्धा १, कारण तिथला ऋ हा क ला जोडलेला स्वर आहे. स्वर सुटा, स्वतंत्र अक्षर म्हणून आला तरच त्याचं शून्य धरायचं. पाय मोडलेलं अक्षर मोजायचं नाही. 'वाक्' या शब्दातला क् हिशेबात येत नाही.

या पद्धतीची सगळी ताकद इथे आहे. स्वर मोकळे ठेवल्यामुळे एकाच आकड्यासाठी कितीतरी शब्द सुचतात आणि त्यांतून अर्थ असलेला निवडता येतो.

पायरी ३: जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरा

जोडाक्षर कितीही लांबलचक असो, त्यातलं स्वराला चिकटलेलं शेवटचं व्यंजनच मोजायचं. 'र्य' मध्ये य, म्हणजे १. 'प्र' मध्ये र, म्हणजे २. 'ष्ट्र' मध्येही र, म्हणजे २. क्ष म्हणजे क् + ष, म्हणून ६. ज्ञ म्हणजे ज् + ञ, म्हणून ०. आपण ज्ञ चा उच्चार 'द्न्य' असा करतो, त्यामुळे इथे घोटाळा व्हायची शक्यता आहे. उच्चार बाजूला ठेवा आणि अक्षराची मूळ फोड पाहा.

हे सारे नियम केरळातल्या कडत्तनाड राजघराण्यातल्या शंकरवर्मन यांनी १८१९ मध्ये एका श्लोकात गोळा केले. त्याची पहिली ओळ अशी: 'नञावचश्च शून्यानि संख्याः कटपयादयः'. न, ञ आणि स्वर ही शून्यं, आणि क, ट, प, य पासून सुरू होणाऱ्या संख्या.

पायरी ४: उलटं वाचा

'अंकानां वामतो गतिः', म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात. शब्दातलं पहिलं अक्षर एककाचं, दुसरं दशकाचं, तिसरं शतकाचं. सोप्या भाषेत, अक्षरांखाली अंक लिहा आणि उजवीकडून डावीकडे वाचा.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'जय'. ज चे ८, य चा १. उलटं वाचलं की १८. महाभारताचं जुनं नाव जय, आणि त्याची पर्वं १८, युद्धाचे दिवस १८, गीतेचे अध्याय १८. परंपरेत हा मेळ मोठ्या आवडीने सांगितला जातो.

आता आपली गावं घेऊ. सातारा: ७, ६, २, म्हणून २६७. पुणे: १, ५, म्हणून ५१. कोल्हापूर: को १, ल्हा मध्ये ह म्हणून ८, पू १, र २, आकडा २१८१. महाराष्ट्र: ५, ८, २, २, म्हणजे २२८५. मुंबई: मुं ५, ब ३, ई सुटा स्वर म्हणून ०; उलटं वाचल्यावर ०३५, म्हणजे ३५.

आता एक खरा, जुना आकडा सोडवा. चौदाव्या शतकात केरळात संगमग्रामचा माधव हा गणिती होऊन गेला. त्याने 'ज्या'चं, म्हणजे आजच्या भाषेत साइनचं, कोष्टक २४ किमतींत बसवलं आणि ते या पद्धतीने श्लोकात लिहिलं. शेवटची किंमत आहे 'देवो विश्वस्थली भृगुः'. अक्षरं सुटी करा:

दे ८, वो ४, वि ४, श्व ४, स्थ ७, ली ३, भृ ४, गु ३.

उलटं वाचलं की ३४३७ ४४ ४८. याचा अर्थ ३४३७ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), ४४ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आणि त्याखालचे ४८ साठांश. हा ९० अंशांचा साइन, म्हणजेच वर्तुळाची त्रिज्या. वर्तुळाच्या परिघाचे २१,६०० कलांचे भाग धरले, तर त्रिज्या किती भागांची येते ते हा आकडा सांगतो. कॅल्क्युलेटरवर २१,६०० ला पायच्या (π) दुपटीने भागून पाहा: ३४३७.७४६७… येतात. त्या अपूर्णांकाला ६० ने गुणलं की ४४, आणि उरलेल्याला पुन्हा ६० ने गुणलं की ४८. सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाने इतका बारीक आकडा आठ अक्षरांत ठेवला आणि त्या अक्षरांना देव, विश्व, भृगू असे शब्दही दिले. मला हे गणिताइतकंच कवित्वही वाटतं.

पायरी ५: स्वतः लिहा

लिहिताना क्रम फिरवायचा. आधी आकडा उलटा करा, मग प्रत्येक अंकाखाली मिळू शकणारी सगळी अक्षरं लिहा, आणि शेवटी स्वर भरत शब्द शोधा.

महाराष्ट्र राज्य झालं ते वर्ष १९६० घेऊ. उलटं केलं की ०, ६, ९, १.

० : न, ञ, सुटा स्वर
६ : च, त, ष
९ : झ, ध, ळ
१ : क, ट, प, य

पहिल्या प्रयत्नात 'आता झोप' सुचतं: आ ०, ता ६, झो ९, प १. बरोबर आहे, पण त्या वर्षाला शोभत नाही. थोडं थांबून पाहिलं की 'नीतिधैर्य' सापडतं: नी ०, ति ६, धै ९, र्य १. आकडा तोच, शब्दाला मात्र वजन आलं.

शिवराज्याभिषेकाचं साल १६७४. उलटं ४, ७, ६, १. 'भासतोय' हे सरळ मराठी क्रियापद त्यात नेमकं बसतं: भा ४, स ७, तो ६, य १. 'वसंता ये' सुद्धा चालतं. एक अक्षर बदललं तर काय होतं तेही इथेच पाहून ठेवा: 'हसतोय' लिहिलं की ते १६७८ होतं, कारण पहिलं अक्षर एककाचं.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. उलटं ६, ४, ६, १. मी 'तवा तापे' असं धरतो: त ६, वा ४, ता ६, पे १. उंचीशी त्याचा काही संबंध नाही, पण डोक्यातून जात नाही, आणि लक्षात ठेवण्यासाठी तेवढं पुरे.

अडलात तर जोडाक्षराचा आधार घ्या. जोडाक्षरातली आधीची व्यंजनं मोफत असतात, त्यामुळे य हवा असेल तर र्य, त्य, व्य, न्य, ख्य असे सगळे मार्ग खुले होतात. मला नवशिक्यांना एवढंच सांगायचंय की पहिल्या सुचलेल्या शब्दावर थांबू नका. तिसरा-चौथा शब्द बहुधा जास्त चांगला निघतो.

एक सावधगिरी: एटीएमचा पिन असा शब्द करून लक्षात ठेवलात तरी तो शब्द कुठे लिहून ठेवू नका. नियम जाहीर आहेत, ज्याला माहीत आहेत त्याला तो लगेच उलगडेल.

संगीतातला उपयोग

हा भाग गाणं शिकणाऱ्यांनी जरूर वाचावा. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक दरबारी व्यंकटमखींनी १२ स्वरस्थानांतून ७२ मेळ मांडले. पुढे या मेळांना अशी नावं ठरली की नावाच्या पहिल्या दोन अक्षरांतूनच क्रमांक निघावा. त्यासाठी काही प्रचलित रागनावांना पुढे अक्षरं जोडली गेली. शंकराभरणाचं धीरशंकराभरण झालं: धी ९, र २, क्रमांक २९. कल्याणीची मेचकल्याणी झाली: मे ५, च ६, क्रमांक ६५. तोडीची हनुमत्तोडी झाली: ह ८, नु ०, क्रमांक ८.

विष्णु नारायण भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, व्यंकटमखींच्या ग्रंथाचा त्यांनी अभ्यास केला, आणि हिंदुस्तानी संगीतासाठी दहा थाट निवडले. हे दहाही थाट त्या ७२ मेळांत आहेत, त्यामुळे त्यांचे क्रमांक तुम्ही आता स्वतः काढू शकता:

बिलावल – धीरशंकराभरण, २९
कल्याण – मेचकल्याणी, ६५
खमाज – हरिकांभोजी, २८
काफी – खरहरप्रिया, २२
आसावरी – नठभैरवी, २०
भैरवी – हनुमत्तोडी, ८
भैरव – मायामालवगौळ, १५
तोडी – शुभपंतुवराळी, ४५
पूर्वी – कामवर्धनी, ५१
मारवा – गमनश्रम, ५३

पहिले ३६ मेळ शुद्ध मध्यमाचे, पुढचे ३६ तेच, फक्त मध्यम तीव्र. म्हणून क्रमांक ३६ च्या वर असेल तर त्यातून ३६ वजा करा. कल्याणच्या ६५ मधून ३६ गेले, २९ उरले, म्हणजे बिलावल. यमन गाणाऱ्याला हे नातं गळ्यातून ठाऊक असतंच, इथे ते नावातून दिसतं. पूर्वीच्या ५१ मधून ३६ गेले की १५, म्हणजे भैरव.

मेळांच्या नावांत जोडाक्षराचा नियम मात्र काही वेळा मोडलेला आहे. चक्रवाकात क्र चा र धरला तर २६ येतील, पण त्याचा क्रमांक १६ आहे. तिथे क धरलाय. दिव्यमणीत व्य चा व धरून ४८, विश्वंभरीत श्व चा श धरून ५४. ही नावं वेगळी लक्षात ठेवावी लागतात. उलट रत्नांगीत नियम चोख पाळलाय: र २, त्ना मध्ये न म्हणून ०, क्रमांक २.

सरावासाठी

हे उलगडा: नागपूर, ज्ञानदेव, रसिकप्रिया (फक्त पहिली दोन अक्षरं). उत्तरं अनुक्रमे २१३०, ४८००, ७२. ज्ञानदेवमध्ये ज्ञा आणि न दोन्ही शून्यं आहेत, हे सुटलं असेल तर पायरी ३ पुन्हा पाहा.

हे लिहा: १९४७. सुरुवात म्हणून 'सावध' घ्या. स ७, व ४, ध ९, म्हणजे ९४७ झाले. हजाराच्या जागी १ आणायला क, ट, प, य यांपैकी एक अक्षर शेवटी जोडायचं राहिलंय. 'सावध का?' हे एक उत्तर, 'सावध ये' हे दुसरं.