एका रुपयाची तफावत आणि गिट बायसेक्ट

नागपुरातील माझ्या पहिल्या नोकरीत, कळमना बाजारातील संत्र्यांच्या अडत्यांसाठी हिशोबपट्टी तयार करणारा प्रोग्राम माझ्याकडे सोपवलेला होता. नवी आवृत्ती दिल्यावर तक्रार आली, की काही पट्ट्यांची बेरीज एका रुपयाने कमी येते. तो रुपया शेतकऱ्याचा असल्यामुळे मला ही चूक क्षुल्लक वाटली नाही. मात्र ती शोधण्यासाठी मी दोन दिवस नुसता कोड वाचला. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील ब्लेम ही आज्ञा, प्रत्येक ओळ शेवटची कोणत्या कमिटने, म्हणजे नोंदवलेल्या बदलाने, बदलली ते सांगते. तिने संशयित ओळीवर ज्या कमिटचे नाव दाखवले, तिने त्या ओळीची केवळ मांडणी बदललेली होती.

तिसऱ्या दिवशी टीम लीड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "बेरीज शेवटची बरोबर कधी येत होती, हे तू पाहिलंस का?" मागच्या टॅगवर, म्हणजे आधीच्या आवृत्तीची खूण केलेल्या कमिटवर, ती बरोबर येत होती आणि तेथून पुढे सुमारे 600 कमिट्स होत्या. अशा वेळी गिटची बायसेक्ट ही आज्ञा चांगल्या आणि वाईट कमिटच्या मधोमधची कमिट समोर ठेवते, ती चांगली की वाईट एवढेच आपण सांगायचे. दर उत्तरागणिक उरलेला पल्ला निम्मा होत असल्याने नऊ-दहा चाचण्यांत काम भागते.

खरी काळजी घ्यावी लागते ती उत्तरांची. माझे चौथे उत्तर चुकले, कारण आधीच्या बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवताना, तयार झालेल्या फायली तशाच राहिल्या होत्या, आणि पुढचा सगळा शोध भलत्याच अर्ध्या भागात गेला. म्हणून मी प्रत्येकी 40 पैसे असलेल्या तीन ओळींची पट्टी घेऊन, आधी सर्व साफ करून मग बिल्ड करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती रिपॉझिटरीबाहेर, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या फोल्डरबाहेर, ठेवली, कारण जुन्या कमिट्समध्ये ती असणारच नव्हती. बेरीज बरोबर आल्यास 0, चुकल्यास 1 आणि बिल्डच न झाल्यास 125 परत करायचे. बायसेक्ट रन ही आज्ञा अशी स्क्रिप्ट प्रत्येक टप्प्यावर आपोआप चालवते आणि 125 मिळाल्यावर ती कमिट वगळते.

सापडलेल्या कमिटचा संदेश होता, "कोड नीटनेटका केला". त्यात 38 फायली बदललेल्या असल्याने अर्धा दिवस फरक वाचण्यात गेला. पूर्वी 1 रुपया 20 पैशांची बेरीज करून मग पूर्णांक घेतला जात असे. आता प्रत्येक ओळीचे 40 पैसे आधीच शून्य होत होते. बायसेक्ट रिसेट या आज्ञेने शोध संपवून मी मूळ शाखेवर परतलो आणि दुरुस्तीबरोबर ती तीन ओळींची पट्टीही चाचण्यांमध्ये कमिट केली.