आधी म्युझियमचं तिकीट, मग रेल्वेचं

पुण्याहून म्युनिकला नव्यानं आलेल्यांसाठी लिहितोय. घर, बँक, विमा याबद्दल ऑफिसातले सांगतीलच. पण उन्हाळ्यात आई-बाबा आले की युरोप दाखवायचा बेत ठरतो आणि दरवर्षी तीच चूक होते. रेल्वे आणि हॉटेल आधी, म्युझियम शेवटी. कृपा करून हा क्रम उलटा करा.

ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमची तिकिटं फक्त ऑनलाइन, वेळ निवडूनच मिळतात. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी खुली होतात आणि भराभर संपतात. मिलानमध्ये लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' या चित्रासमोर १५ मिनिटं मिळतात, त्यासाठीही आधीच बुकिंग लागतं. ओळखीतल्या एकानं कोथरूडहून आलेल्या आई-वडिलांसाठी परतावा न मिळणारी रेल्वेची तिकिटं काढली, मग घाईत कुठल्यातरी भलत्या वेबसाइटवर तिप्पट पैसे मोजून म्युझियमची. ती दारावर चाललीच नाहीत. सत्तरीतली ती दोघं बाहेर बाकावर बसून परतली. तिकीट म्युझियमच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा, हे शंभरदा सांगेन.

सुट्टीचे वारही बघा. पॅरिसचं लूव्ह्र म्युझियम मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से सोमवारी. व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद असतात. फक्त महिन्यातल्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, पण गर्दी प्रचंड, आई-बाबांना तेव्हा नेऊ नका. बर्लिनचं पेर्गामोन म्युझियम डागडुजीसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झालं, तरी लोक जुन्या याद्या बघून तिथं पोचतात. ग्रुपवर फिरणारी 'सात दिवसांत पाच शहरं' ही यादी तर मला अजिबात पटत नाही. केळकर म्युझियम दोन तासांत पाहून मंडईत जाता येतं. तो हिशोब लूव्ह्रला लावू नका. दिवसाला एकच मोठं म्युझियम, त्यातली दोन-तीन दालनं, मध्ये चहा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मागा, लूव्ह्रमध्ये ती विनामूल्य मिळते. आपल्याकडच्या ज्येष्ठांना संकोच वाटतो, म्हणून तुम्हीच मागा. मोठी सॅक लॉकरमध्ये.

आणि म्युनिकला विसरू नका. इथं रविवारी दुकानं बंद म्हणून आपली मंडळी घरी कंटाळत बसतात. त्याच दिवशी आल्टे पिनाकोटेक या इथल्या चित्रांच्या म्युझियममध्ये कायमच्या संग्रहाचं तिकीट १ युरो असतं. जर्मन चित्रकार ड्यूररनं १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र तिथंच आहे. सोमवारी मात्र म्युझियम बंद.