कमिशनवरच्या नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी

विमा, म्युच्युअल फंड, कर्ज, गुंतवणूक, यांपैकी काहीही विकायची कमिशनवरची नोकरी असेल, तर मुलाखतीची तयारी घरखर्चाच्या हिशेबापासून सुरू करा. भाडं, हप्ते, किराणा, फी, औषधं, सगळं धरून महिन्याला किती लागतं तो आकडा कागदावर उतरवा आणि हातातली शिल्लक त्याने भागा. किती महिने कमाईशिवाय निघतील ते कळेल. सहा महिनेसुद्धा निघत नसतील, तर निव्वळ कमिशनवरची जागा घेऊ नका. थोडा का होईना, ठरलेला पगार देणारी शोधा. मी हे कडक सांगते, कारण घरात चणचण असलेला विक्रेता पुढच्या माणसाची गरज बघत नाही. ज्यात कमिशन जास्त, ते तो पुढे सरकवतो.

मग उलटं गणित मांडा. समजा घर चालायला महिन्याला आठ विक्र्या लागतात. पाच भेटींमागे एक विक्री धरली, तर चाळीस भेटी. दहा फोनांमागे एक भेट धरली, तर चारशे फोन. महिन्याचे 25 दिवस कामाचे धरले, तर रोज 16 फोन आणि जवळजवळ दोन भेटी. हे प्रमाण प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, म्हणूनच मुलाखतीत विचारा: तुमच्याकडे नवीन माणसाला एका विक्रीसाठी साधारण किती भेटी लागतात? चांगल्या मॅनेजरला हे तोंडपाठ असतं. “ते तुमच्या मेहनतीवर आहे” एवढंच उत्तर आलं तर ते जसंच्या तसं लिहून ठेवा.

तुम्हाला काय विचारतील, त्याची तयारी त्या मानाने सोपी आहे. आधीच्या कामातले दोन-तीन प्रसंग आकड्यांसकट तयार ठेवा: टार्गेट किती होतं, किती झालं, कमी पडलं तेव्हा काय बदललंत. विक्री कधीच केली नसेल, तर नकार पचवून पुन्हा दार ठोठावल्याचा कुठलाही खरा प्रसंग चालेल. वर्गणी गोळा केली असेल तर तोसुद्धा. “हे पेन मला विका” असं अजूनही विचारतात. तेव्हा पेनाचे गुण सांगत सुटू नका. समोरचा काय लिहितो, कधी लिहितो, हातातल्या पेनाने त्याचं काय अडतं, ते आधी विचारा. त्यांना तुमचं विचारणं आणि ऐकणं बघायचं असतं. “विचार करून सांगतो” म्हणणाऱ्या ग्राहकाला काय म्हणाल, हेही घरच्या कुणाला तरी समोर बसवून दोन-चारदा बोलून बघा.

विषयाची थोडी उजळणी हवीच. मुदत विमा आणि बचतीचा विमा यांतला फरक, शेअर आणि रोखे यांतला फरक, हमी दिलेला परतावा आणि माहितीपत्रकात नुसता दाखवलेला परतावा यांतला फरक, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं: 6 टक्क्यांनी 12 वर्षं, 8 टक्क्यांनी 9. असा तोंडी हिशेब मुलाखतीतही उपयोगी पडतो, ग्राहकाकडेही. परवान्याची परीक्षा लागते का, फी कोण भरतं आणि परवाना हातात येईपर्यंत काही मिळतं का, तेही विचारून घ्या.

आता कमिशनचा तक्ता. इथे घाई करायची नाही. पहिल्या वर्षी किती टक्के, नूतनीकरणावर किती, फंडात पैसे टिकून राहिले तर दरवर्षी काही येतं का, आणि हे सगळं पैसे जमा झाल्यावर मिळतं की अर्ज भरल्यावर? सुरुवातीला “पगार” म्हणून जे देतात, ती बऱ्याचदा पुढच्या कमिशनवरची उचल असते. ती फेडायची आहे का, आणि फेडायच्या आधी नोकरी सोडली तर राहिलेली रक्कम तुमच्या नावावर कर्ज म्हणून उभी राहते का, हे स्पष्ट शब्दांत विचारा.

त्याहून चटका लावते ती वसुली. दरमहा हप्त्याची पॉलिसी विकलीत आणि कंपनीने बारा हप्त्यांवरचं कमिशन एकदम हातात ठेवलं, असं समजा. ग्राहकाने चार हप्ते भरून पॉलिसी सोडली, तर उरलेल्या आठ हप्त्यांचं कमिशन परत जातं, बहुतेकदा पुढच्या महिन्याच्या कमाईतून कापून. तोवर ते पैसे खर्चून झालेले असतात. म्हणून ही वसुली किती महिन्यांपर्यंत होते, पूर्ण होते की उरलेल्या मुदतीपुरती, आणि नोकरी सोडल्यावरही होते का, हे विचारा. त्याला जोडूनच विचारा की इथल्या किती पॉलिसी तेराव्या महिन्यातही चालू असतात. म्हणजे दुसऱ्या वर्षाचा पहिला हप्ता किती जणांनी भरला? हा आकडा कमी असेल तर लोकांच्या गळ्यात नको ते मारलं जातंय, आणि वसुलीचा फटका तुम्हाला बसणार.

तुम्ही गेल्यावर तुमचे ग्राहक कुणाचे? नूतनीकरणाचं कमिशन चालू राहतं की बंद? सोडल्यानंतर काही काळ त्याच ग्राहकांना फोन करायला बंदी आहे का? लीड, म्हणजे ग्राहक होऊ शकतील अशा लोकांची नावं आणि नंबर, कंपनी देते, की आपल्या आपण शोधायच्या? प्रवास आणि फोन कुणाच्या खिशातून? हे प्रश्न वहीत लिहून न्या आणि समोर वही उघडून विचारा. यात संकोच कसला? जो माणूस स्वतःचे पैसे नीट विचारून घेतो, तो ग्राहकाचेही नीट सांभाळेल, असं कुठल्याही शहाण्या मॅनेजरला वाटतं.

सगळ्यात वरच्या माणसाची कमाई ते आपणहून सांगतील. तुम्ही मधल्या माणसाची विचारा. आणि गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी आज किती जण आहेत, तेही. शक्य असेल तर दोन वर्षं टिकलेल्या एखाद्याशी मॅनेजर समोर नसताना बोला.

काही ठिकाणांहून सरळ उठून या: प्रशिक्षणाचे पैसे आधी मागतात, आलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी “निवड झाली” सांगतात, विक्रीपेक्षा खाली माणसं जोडण्यावर जास्त बोलतात. मुलाखतीतच ओळखीच्या शंभर जणांची नावं आणि नंबर लिहून मागितले तर देऊ नका. काका, मावशी, जुने शेजारी यांचा विश्वास तुम्ही वर्षानुवर्षं जपलेला असतो, आणि अशा ठिकाणी तुम्ही दोन महिन्यांत सोडलंत तरी त्यांना फोन जात राहतात.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ऐकलेलं सगळं लिहून काढा आणि आभाराच्या ईमेलमध्येच कमिशनचा तक्ता, उचलीच्या अटी आणि वसुलीची मुदत लेखी मागा. ते आल्याशिवाय हातातल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.