‘स्टेशनपासून पाच मिनिटं’: लोकलच्या भरवशावर पहिलं घर घेताना या चुका टाळा

मुंबईत परवडत नाही म्हणून माणूस रुळाच्या कडेकडेनं बाहेर सरकतो. बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल, उलवे. दूर जाण्यात चूक काहीच नाही. चूक होते ती घर किलोमीटरमध्ये आणि चौरस फुटाच्या दरात मोजण्यात. अशा घराची खरी मापं दोनच: घराच्या दारापासून कामाच्या टेबलापर्यंत लागणारा वेळ आणि फाइलमधले कागद.

स्टेशन जवळ आहे, पण गाडी आहे का?

जाहिरातीतली पाच मिनिटं बहुधा रविवारी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, बिल्डरच्या गाडीतून मोजलेली असतात. पण स्टेशन खरंच पाच मिनिटांवर असलं, तरी त्यानं अर्धाच प्रश्न सुटतो. तिथून तुमच्या वेळेला किती गाड्या सुटतात, हा उरलेला अर्धा.

मध्य रेल्वेची लाइन कल्याणला फुटते. एक फाटा टिटवाळ्यावरून कसाऱ्याकडे जातो, दुसरा अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जत आणि खोपोलीकडे. त्यामुळे कल्याणपर्यंत मिळणाऱ्या गाड्या पुढे दोन वाटांत विभागल्या जातात आणि बऱ्याच तर कल्याणलाच संपतात. पुढे फेऱ्या कमी असतातच, शिवाय त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात. एक मेल रखडली की मागची लोकल रखडते. विरारच्या पलीकडेही हेच. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, पण सफाळे किंवा पालघरला घर घेणाऱ्यानं विरारचं वेळापत्रक डोळ्यापुढे ठेवू नये. हार्बरवर जलद लोकल नाही, त्यामुळे पनवेल ते सीएसएमटी हा प्रवास सगळ्या स्टेशनांवर थांबत होतो. खारकोपर ते उरण हा टप्पा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण फेऱ्या मोजक्या आहेत. तिथं एक गाडी चुकण्याची किंमत ठाण्यात चुकण्याच्या कितीतरी पट असते.

दिशाही पाहा. कल्याण-डोंबिवलीत राहून ऐरोली किंवा वाशीला नोकरी असेल, तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल, पकडावी लागते. नकाशावर अंतर थोडं दिसतं, प्रत्यक्षात पूल चढणं, प्लॅटफॉर्म बदलणं आणि पुढच्या गाडीची वाट पाहणं त्यात येतं.

म्हणून टोकन देण्याआधी मंगळवार-बुधवारसारख्या कामाच्या दोन दिवशी हा प्रवास खरोखर करा. इमारतीच्या फाटकापासून घड्याळ लावा आणि पाच आकडे वेगवेगळे लिहा: रिक्षा मिळेपर्यंत, रिक्षातून प्लॅटफॉर्मपर्यंत, चढता येईल अशी गाडी मिळेपर्यंत, गाडीत आणि उतरल्यापासून ऑफिसपर्यंत. तिसरा आकडा सगळे विसरतात. डोंबिवलीत जलद गाडी येते, पण सकाळी आठला तिच्यात पाय ठेवायला मिळतो का, हा वेगळा विषय आहे. उलट बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळा इथून सुटणाऱ्या गाड्यांत बसायला मिळू शकतं. दहा मिनिटं जास्त पण बसून, हा सौदा अनेकदा चांगला असतो. संध्याकाळी परत येऊन पाहा आणि रात्री अकरानंतर शेअर-रिक्षा मिळते का तेही.

रिक्षाचा हिशेब घराच्या किमतीत धरा. समजा एका माणसाचे जायचे वीस, यायचे वीस, महिन्याचे पंचवीस दिवस: १,००० रुपये. दोघं नोकरी करत असतील तर २,०००. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे ते २,००० रुपये सुमारे २.३ लाखांच्या कर्जाचा हप्ता आहे. चालत जाण्याच्या अंतरावरचं घर दोन लाखांनी महाग वाटत असेल, तर ते महाग नाही.

नकाशावरची ठिपक्यांची रेघ

‘प्रस्तावित मेट्रोपासून जवळ’ या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. नवी मुंबई मेट्रोची बेलापूर-पेंधर ही पहिली मार्गिका पाहा: काम २०११ मध्ये सुरू झालं, प्रवासी बसले नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात तळोज्यात घर घेतलेल्यांचे निम्मे हप्ते फिटले असतील. आज जी गाडी धावते तिच्यावर घर परवडत असेल आणि सोसत असेल, तरच घ्या. मेट्रो आली तर तो बोनस.

महारेराचा नंबर पाहिला, आत काही पाहिलं नाही

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. महारेरा म्हणजे ‘रेरा’ या स्थावर संपदा कायद्याखालचं राज्याचं नियामक प्राधिकरण. त्याचा नंबर म्हणजे प्रकल्प नोंदलेला आहे, एवढंच. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींनी महारेराचे नंबर मिळवले होते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या खरेदीदारांकडेही नंबर होता.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि पूर्ण होण्याची मूळ तारीख व सुधारित तारीख, दोन्ही पाहा. दोनदा मुदतवाढ घेतली असेल तर ‘दिवाळीपर्यंत ताबा’ हे वाक्य विसरा. जमिनीवरचा बोजा आणि चालू खटले वाचा. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, उतरवून घ्या आणि ते कितव्या मजल्यापर्यंत आहे ते बघा. सीसी टप्प्याटप्प्यानं मिळू शकते. तुम्हाला विकला जाणारा चौदावा मजला अजून मंजूरच नसेल, असं होतं. मग त्या सीसीचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळा. अर्धा दिवस जातो. ६५ इमारतींतला सापळा याच अर्ध्या दिवसात उघड झाला असता.

भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. गावठाणालगतच्या छोट्या इमारती याच फटीतून विकल्या जातात. ‘आम्हाला रेरा लागत नाही’ हे खरं असू शकतं, पण बांधकाम परवानगी लागतेच.

‘बँक कर्ज देते म्हणजे कागद स्वच्छ’ हा समजही सोडा. बँक तिच्या पैशापुरतं पाहते. स्वतःचा वकील लावून मालकी हक्काचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. शिवाय नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या कराराचा गोषवारा, ‘इंडेक्स टू’) आणि महाभूमीवर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वतः पाहता येतं. नवी मुंबईत सिडकोनं दिलेल्या जमिनी मुख्यतः भाडेपट्ट्यानं दिलेल्या आहेत, तेव्हा हस्तांतरणाला सिडकोची कोणती परवानगी आणि किती शुल्क लागेल, ते सौदा ठरण्याआधी लेखी विचारा.

कार्पेटच्या नावाखाली

रेरा कायद्यातलं चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची वगळून उरलेली वापरायची जागा. आतल्या भिंती मात्र त्यात धरल्या जातात. जुन्या इमारतीतला ‘कार्पेट’ आणि हा कार्पेट एकच नाही. सौदा ‘बिल्टअप’ किंवा ‘सेलेबल’ या फुगवलेल्या क्षेत्रफळावर होत असेल तर थांबवा आणि एकूण रकमेला चटई क्षेत्रानं भागा. करारनाम्यात आकडा चौरस मीटरमध्ये असतो. १०.७६४ नं गुणलं की चौरस फूट. सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप घेऊन जा. तिथला पलंग मुद्दाम छोटा करून घेतलेला असतो आणि खोल्यांना दारं नसतात, म्हणून खोली मोठी वाटते.

उघडी किंवा स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे. तरी दरपत्रकात ती ओळ येतेच.

४५ लाखांची रेघ आणि खिशातले पैसे

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के. पण मुंबई महानगर प्रदेशात चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. ‘एकूण रक्कम’ या शब्दांत गोम आहे: त्यात पार्किंग, विकास शुल्क, मजला किंवा देखाव्याचं जादा शुल्क सगळं धरलं जातं. ४३ लाखांच्या घरावर असे तीन लाख चढले की रक्कम ४६ लाख होते. मग ४३ हजारांच्या जागी २ लाख ३० हजार जीएसटी. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागतच नाही. तयार घराचा दर जास्त दिसला तर आधी हा फरक वजा करा.

आता ठाणे जिल्ह्यातल्या शहरी भागात ४८ लाखांचं घर घेऊ. मुद्रांक शुल्क ७ टक्के (मुंबईत ६) म्हणजे ३.३६ लाख, नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३०,०००, जीएसटी २.४० लाख. एकूण ६.०६ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच मिळतं, आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे कर्ज ३८.४० लाख, तुमचे ९.६० अधिक ६.०६, असे १५.६६ लाख. दलाली, एक-दोन वर्षांची आगाऊ देखभाल, सोसायटीचा निधी, ग्रिल, पंखे आणि स्वयंपाकघर यानंतर. ‘दहा लाख भरा, घर तुमचं’ ऐकून गेलेले इथंच अडकतात आणि साडेपाच लाखांसाठी वैयक्तिक कर्ज काढतात. त्याचा हप्ता घराच्या हप्त्याआधी गळ्याशी येतो.

सगळे खरेदीदार महिला असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांचं नाव घातलं की ती जाते. शुल्क करारातली किंमत किंवा रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकातलं) मूल्य, यात जे जास्त त्यावर लागतं. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर विक्रेत्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर नियम आणि दर वेगळे, तिथं सीए गाठा.

टोकनची घाई

‘आज बुक केलंत तर हा दर’ असं म्हटलं की हात खिशात जातो. कायदा सांगतो की नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरनं किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. टोकन लहान ठेवा, चेकनं द्या आणि पावतीवर लिहून घ्या की कर्ज नामंजूर झालं किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा. टोकन जप्त करण्याची अट तिथंच असते.

रीसेल घेताना मूळ बिल्डरपासून आजपर्यंतच्या सगळ्या करारांची साखळी, प्रत्येकाची नोंदणी पावती, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), इमारतीची ओसी आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला पाहा. साखळीतली एक कडी गहाळ असेल तर बँक पुढे सरकत नाही. महापालिका क्षेत्रात सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) कमाल २५,००० रुपये. ‘विकास निधी’ म्हणून लाखभर मागितले तर नियम दाखवा.

पाणी

ओसी नसलेल्या इमारतीला टँकरवर दिवस काढावे लागतात, हे अनेकांना कळतं ते पहिल्या उन्हाळ्यात. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा: नळाला किती वेळ पाणी येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर किती? तो विक्री विभागापेक्षा खरं सांगतो. जास्त पाण्याचाही विचार करा. उल्हास नदीच्या काठानं बदलापूर-वांगणी पट्ट्यात २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सर्व्हे क्रमांक घेऊन आपली इमारत कुठं पडते ते पाहा, आणि एक फेरी जुलैत मारा.

चूक होऊन गेली असेल तर

१० टक्क्यांहून जास्त भरले आणि करार नाही: पुढचा हप्ता थांबवा, करार नोंदवून मागणारं पत्र रजिस्टर्ड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. दाद मिळाली नाही तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिचं शुल्क ५,००० रुपये.

ताबा लांबला: रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे दोन वाटा. बाहेर पडून सव्याज परतावा, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या आधारदरापेक्षा) २ टक्के जास्त. बिल्डर देतो त्या ताबापत्रात ‘आमची कोणतीही मागणी उरलेली नाही’ असं वाक्य असलं तर ते खोडूनच सही करा.

गळती, तडे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा. फोन नको. तारीख दिसेल असे फोटो आणि लेखी सूचना.

बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करत नाही: सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करावा. त्याला प्रत्येक सदस्याच्या कराराचा सूची क्रमांक दोन लागतो. तो आजच काढून सोसायटीच्या फाइलला लावून ठेवा, दहा वर्षांनी वीस सदस्यांच्या मागे फिरावं लागणार नाही.