घरच्या भट्टीचं तापमान मोजताना

विळा किंवा वखराची पास नुसती घडवायची असेल तर रंगावर काम भागतं. मोजमापाची गरज पडते ती पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करताना. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद साधारण 850 अंशांवर तेलात बुडवायचं असतं. 700 लाच बुडवलं तर धार मऊ राहते. 950 च्या वर रेंगाळलं तर पोलादाच्या आतला दाणा वाढतो आणि मोडल्या जागी साखरेसारखे कण चमकतात. मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात तापलेलं लोखंडही काळपट दिसतं, म्हणून अंगणात डोळ्यावर विसंबलं की ते हमखास जास्त तापतं.

के-टाइप थर्मोकपलची (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या जोडावरून तापमान मोजणाऱ्या साधनाची) 6 मिमी जाडीची, इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या नळीतली, निदान 30 सेंमी लांब सळई घ्या. मीटर बॅटरीवरचा बरा; वीज ऐन वेळी दगा देते. लेझरचा ठिपका टाकणाऱ्या स्वस्त बंदुका बहुधा 400 ते 600 अंशांवरच संपतात, शिवाय मध्ये ज्वाळा आली की आकडा भरकटतो.

सळई थेट निखाऱ्यात खुपसू नका. मीटर फक्त सळईच्या टोकाचं तापमान सांगतो, लोखंडाचं नाही, आणि ब्लोअरच्या तोंडासमोर दोन बोटं सरकलं तरी मोठा फरक पडतो. त्यापेक्षा 2 इंची काळ्या लोखंडी पाइपचं एक टोक वेल्डिंगने बंद करा, पाइप आडवा ठेवून चहूबाजूंनी कोळसा रचा. आत पातं आणि सळई शेजारी-शेजारी. सळई किमान 10 सेंमी आत हवी, नाहीतर बाहेरचा दांडा उष्णता ओढून घेतो आणि आकडा कमी दिसतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र अजिबात नको, जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. आकडा 850 झाला म्हणजे पातं तापलं असं नाही. पात्याचा रंग पाइपच्या भिंतीत मिसळून कड दिसेनाशी झाली, की 5 मिमी जाडीच्या पात्याला आणखी पाचेक मिनिटं द्या. वणीकडचा दगडी कोळसा वापरत असाल तर खंगर, म्हणजे राख वितळून झालेले गोळे, काढत राहा. तो साचला की पाइपची एक बाजू थंड पडते.

चुका बहुतेक जोडणीत होतात. तारा उलट्या लागल्या तर भट्टी तापते तसा आकडा उतरतो. कोणती तार ऋण हे कळत नसेल तर चुंबक लावा: के-टाइपमधल्या दोन तारांपैकी अल्युमेलची ऋण तार चिकटते, क्रोमेलची धन तार नाही. तार कमी पडली म्हणून घरातली तांब्याची वायर जोडणं ही सगळ्यात फसवी चूक. जोड 90 अंशांवर आणि मीटर 40 वर असेल, तर तब्बल 50 अंश कमी दिसतात आणि संशयही येत नाही. मीटर चुकून जे-टाइपवर (दुसऱ्या जातीच्या थर्मोकपलच्या सेटिंगवर) राहिला तर 850 च्या जागी 640 च्या आसपास वाचतो.

पहिल्या दिवशी सळई उकळत्या पाण्यात धरा. नागपूरच्या उंचीवर 99 च्या जवळपास आकडा यायला हवा. वरच्या टोकाची खात्री मिठाने होते. पुडीतलं चिमूटभर मीठ लोखंडी पत्र्याच्या तुकड्यावर टाकून सळईच्या टोकाशी ठेवा, ते 801 अंशांना वितळतं. बंद पाइपात प्राणवायू कमी असतो, तिथे क्रोमेलची तार हळूहळू खराब होऊन सळई कमी दाखवू लागते. मीठ वितळताना मीटर 780 दाखवत असेल, तर 850 साठी 830 लाच थांबा आणि नव्या सळईची सोय करा.