नखाच्या रंगावरून बोटाचा दाब मोजताय? या चुका टाळा

बोट टेकवून दाबलं की नखाखालचं रक्त सरकतं आणि टोकाजवळ पांढरा पट्टा उमटतो. २००१ मध्ये मस्कारो आणि असादा या संशोधकांनी हा बदल नखावरच्या प्रकाश-संवेदकांनी टिपला होता. आता तेच काम कॅमेऱ्याने होतं. बोटाखाली सहा अक्षांचा फोर्स सेन्सर (तिन्ही दिशांचं बल आणि पीळ मोजणारा) ठेवायचा, नखाच्या चित्राची त्याच्या आकड्यांशी सांगड घालणारं मॉडेल संगणकाला शिकवायचं, मग सेन्सर काढून घ्यायचा आणि नुसत्या चित्रावरून दाब ओळखायचा.

सगळ्यात महागात पडते ती ऑटो मोडची चूक. नख पांढरं पडताच ऑटो-एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तो बदल भरून काढतात, म्हणजे मोजायची गोष्टच पुसून टाकतात. एक्स्पोजर, गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स, फोकस, सगळं मॅन्युअल करा. बोटाशेजारी करड्या रंगाचं कार्ड ठेवा. दाबाबरोबर चित्रातल्या कार्डाच्या रंगाचा आकडा हलला तर काहीतरी अजून ऑटोवर आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून एक्स्पोजरचा वेळ १० किंवा २० मिलिसेकंद ठेवा. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं, तेव्हा चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलांपैकी आधी हिरवा पाहा. नखाची चमक दिव्यावर एक आडवा आणि लेन्सवर एक उभा पोलरायझर (प्रकाशाची एकच दिशा जाऊ देणारी काच) लावून मारा. आणि कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ नकोच, त्यात रंगाचाच तपशील आधी जातो.

दुसरी चूक घाईची. एकाच रेकॉर्डिंगच्या फ्रेम पिसून काही प्रशिक्षणाला, काही चाचणीला दिल्या की आलेख देखणा येतो. दुसऱ्या दिवशी तेच बोट, तोच कॅमेरा, आणि मॉडेल कोलमडतं. कारण साधं आहे: सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत शेजारच्या दोन फ्रेममध्ये जेमतेम ३३ मिलिसेकंदांचं अंतर, म्हणजे चाचणीची फ्रेम मॉडेलने जवळपास पाहिलेलीच असते. बोट उचला, हात झटका, पुन्हा ठेवून नवं रेकॉर्डिंग घ्या आणि चाचणी फक्त त्यावर करा. या चाचणीतल्या अचूकतेचा आकडा वाईट येतो, पण खरा तोच.

दाब सोडल्यावर रंग लगेच परतत नाही. चढता आणि उतरता, दोन्ही दाब हळूहळू देऊन नोंदवा. सांधा वाकवला तर स्पर्शाशिवायही रंग बदलतो, म्हणून बोटाचा कोन बदलू देऊ नका. गार हातांवर मोजू नका. नेलपॉलिश काढाच. एका माणसाच्या बोटावर केलेलं कॅलिब्रेशन (रंग आणि दाब यांची जुळणी) दुसऱ्याला लावणं हा शॉर्टकट चालत नाही. काही न्यूटनांपुढे रंग जवळजवळ बदलायचा थांबतो. ही मर्यादा प्रत्येक बोटासाठी वेगळी तपासा आणि तिच्यापलीकडचे अंदाज टाकून द्या.